स्मिथ सरांची चौकशी

शाळेच्या स्टाफरूममध्ये दोन गोष्टींचा ढीग कधी कमी होत नाही. एक जुन्या उत्तरपत्रिका आणि दुसरे किस्से. उत्तरपत्रिका निदान उन्हाळ्यात रद्दीवाला उचलून नेतो. किस्से कोण नेणार? उलट मधल्या सुट्टीत चहाबरोबर रोज एखादा नवा येऊन पडतो, आणि जुन्यांना दरवेळी नवीन शेपूट फुटतं.

आमच्या शाळेतले निम्मे किस्से माझ्यावर आहेत. मी काही फार विनोदी माणूस आहे असं नाही. तामलवाडीजवळच्या एका गावात हायस्कूलवर इंग्रजी शिकवतो, एवढंच. पण माझ्यामागं एक आडनाव लागलंय. ते माझं नाही, माझ्या वडिलांचं नाही, आणि अख्ख्या धाराशिव जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचं असेल असं मला वाटत नाही. वीसेक वर्षं त्या आडनावावर मीही सगळ्यांबरोबर हसलो. यंदा मात्र ते माझ्या लेकीच्या सोयरिकीत आडवं आलं, पोरीचं ठरत आलेलं लग्न मोडायची वेळ आली, आणि माझी पार गाळण उडाली. पण ते सांगायच्या आधी ते आडनाव मला चिकटलं कसं, ते सांगायला पाहिजे.

*

नोकरीचं पहिलं वर्ष. आठवीचा वर्ग. माझ्या इंग्रजी व्याकरणात तेव्हा एकच माणूस राहायचा, मिस्टर स्मिथ. मला तो माझ्या मास्तरांनी दिला, मी पुढं चालवला. स्मिथ सफरचंद खातो. सफरचंद स्मिथकडून खाल्लं जातं. स्मिथ रोज बागेत जातो. स्मिथ काल बागेत गेला होता. स्मिथ उद्याही बागेत जाईल.

शेवटी पहिल्या बाकावरचा बापू उठून उभा राहिला.

"सर, ह्या स्मिथला कामधंदा काय हाय का न्हाय? नुस्ता बागंतच!"

प्रश्न रास्त होता. शिवाय मला त्याचं उत्तर येत होतं, आणि उत्तर येत असलं की मास्तरला थांबता येत नाही. मी खडू ठेवला, हात मागं बांधले आणि भाषण सुरू केलं. आपल्याकडं जशी धंद्यावरून आडनावं पडली, तशी इंग्रजांचीही पडली. टेलर म्हणजे शिंपी. बेकर म्हणजे पाव भाजणारा. कार्पेंटर म्हणजे सुतार. आणि स्मिथ म्हणजे धातू तापवून, ठोकून वस्तू घडवणारा. पूर्वी तिकडं गावोगाव भट्टी असायची, म्हणून हे आडनाव जिकडं तिकडं सापडतं.

"तर मुलांनो, आपल्या भाषेत स्मिथ म्हणजे कोण?"

"लोहाऽऽर!" अख्खा वर्ग ओरडला.

मी "शाब्बास!" म्हणालो. आणि मग वर्ग एकदम गप्प झाला. सगळी पोरं माझ्याकडं बघायला लागली. कारण माझं आडनाव लोहार! मुलींच्या बाकांवरून कुणीतरी म्हणालं, "म्हंजी सर, तुमीच की स्मिथ!"

मधल्या सुट्टीपर्यंत शाळेला कळलं. शाळा सुटल्यावर स्टँडला कळलं. माझं आडनाव त्या दिवशी जे गेलं ते काही परत आलं नाही. खड्डा मीच खणला, मीच त्यात उतरलो, आणि वर "शाब्बास"पण मीच म्हणालो!

*

त्याच वर्षीच्या चाचणीत मी भाषांतराला एक सोपा उतारा दिला. मिस्टर स्मिथ आळशी आहे. तो दुपारी झोपतो. त्याला स्वयंपाक येत नाही. त्याची बायको त्याच्यावर रागावते.

पोरांनी माझं भाषण एवढं मनावर घेतलं होतं की त्यांनी आडनावाचंही भाषांतर केलं. आणि मास्तराला अरेतुरे कसं करायचं, म्हणून अदबीनं लिहिलं. "लोहार सर आळशी आहेत. ते दुपारी झोपतात. त्यांना स्वयंपाक येत नाही. त्यांची बायको त्यांच्यावर रागावते." पेपरांचा अख्खा गठ्ठा असाच!

आमचे मुख्याध्यापक देशमुख सर. त्यांना तपासलेले पेपर चाळायची सवय आहे. त्यांनी दोन पेपर वाचले, चार वाचले, चष्मा काढला आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "सर, खरं असंल ते सगळं. पर घरातल्या गोष्टी पोरांना कशाला सांगता?"

*

पोरांना मग हा खेळच सापडला. गणिताच्या सुतार मॅडम कार्पेंटर मॅडम झाल्या. चित्रकलेचे शिंपी सर टेलर सर झाले, आणि त्यांना ते इतकं आवडलं की ते गॉगल लावून शाळेत यायला लागले.

एक दिवस देशमुख सरांनी मला ऑफिसात बोलावलं आणि दार लोटून घेतलं. मला वाटलं, गेलं आपलं इन्क्रिमेंट. सर खुर्चीत पुढं सरकले आणि हळूच म्हणाले, "लोहार सर, आमचं काय होतं हो इंग्रजीत?"

"कशाचं सर?"

"देशमुखचं. देशमुखला काय म्हणतेत तिकडं?"

मी मनातल्या मनात सगळी डिक्शनरी पालथी घातली. "सर, तुमचं काही होत नाही. तुमचं आहे तसंच ठेवावं लागतं."

सरांचा चेहरा पडला. "आसं कसं? सुताराला हाय, शिंप्याला हाय, तुमाला तर हायच हाय. आन् एवढी परगण्याची देशमुखी, तिला इंग्रजीत जागाच न्हाय?"

"सर, त्यांच्याकडं ती पद्धतच..."

"ऱ्हाऊ द्या, ऱ्हाऊ द्या. भाषाच तोकडी हाय ती!"

तेव्हापासून ते माझा तास बघायला येतात, मागच्या बाकावर बसतात आणि फळ्यावरच्या इंग्रजीकडं संशयानं बघत राहतात.

*

क्रिकेटनं तर माझा जीव नकोसा केला. आपल्याविरुद्ध खेळणाऱ्या परदेशी संघात कुठला ना कुठला स्मिथ निघतोच. आणि गावात मॅच बघायची जागा एकच, स्टँडवरचं बापूचं हॉटेल. होय, तोच बापू, स्मिथच्या कामधंद्याची काळजी करणारा. आता तो चहा-भजी करतो.

स्मिथ आउट झाला की हॉटेलात टाळ्या पडतात आणि कुणीतरी मला म्हणतं, "चला सर, जावा आता घरी, झालं तुमचं." स्मिथनं चौकार मारला की सगळं हॉटेल टीव्ही सोडून माझ्याकडं बघतं. मी काय करणार! मी चहात बिस्किट बुडवतो.

एकदा असल्याच एका स्मिथनं शतक ठोकलं आणि आपण हरलो. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात मी नेहमीसारखं म्हणालो, "चला, होमवर्क काढा." एकही वही निघाली नाही. शेवटी मॉनिटर उठला. त्याचे डोळे सुजले होते.

"सर," तो म्हणाला, "काल एवढं करून आज परत होमवर्क?"

*

बापूवरून आठवलं. बापू दहावीच्या इंग्रजीत अडकला होता. गाडी घाटात अडकावी तसा अडकला होता. पुढं सरकेना, मागं येईना. शेवटी एकदाचा पास झाला. घरच्यांनी तुळजापूरला देवीचा अभिषेक बोलला होता. तो करून बापू प्रसाद घेऊन थेट माझ्या घरी आला आणि पाया पडला.

"सर, तुमच्याबी नावानं केला."

माझे डोळे भरून आले. मी म्हणालो, "अरे, माझ्या नावानं कशाला?"

"तुमीच शिकिवलं की. पुजाऱ्यानं नाव-गोत्र इचारलं, म्या सांगितलं, स्मिथ सर."

"अरे देवा! मग?"

"मग काय न्हाय. त्येंनी इचारलं, कुठले स्मिथ? म्या म्हनलं, तामलवाडीकडचे. गोत्र म्हाईत न्हाय म्हनलं. ते म्हनले, म्हाईत नसलं की काश्यप धरायचं. लई खणखणीत म्हनले सर! स्मिथ, काश्यप गोत्र!"

पुजाऱ्यांची मात्र कमाल! पापणी हलली नाही. त्या अभिषेकाचं पुण्य देवीनं कुणाच्या खात्यावर टाकलं असेल, हा प्रश्न मला अजून पडतो.

*

आता एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हे सगळं मी वैतागून सांगतोय खरा, पण आतून मला ते आडनाव आवडायला लागलं होतं. एम.ए. इंग्लिश माणसाला गावानं इंग्रजी आडनाव द्यावं! कोण नाही सुखावणार?

आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला माजी विद्यार्थ्यांनी एक भेट आणली. काळ्या ग्रॅनाइटची पाटी, त्यावर सोनेरी अक्षरं. "स्मिथ सर, एम.ए., बी.एड."

मी चारचौघांत म्हणालो, "काय रे हा चावटपणा!" आणि पाहुणे गेल्याबरोबर स्वतः सिमेंट कालवून ती पाटी गेटच्या खांबात बसवली. लेव्हल लावून बसवली. आयुष्यात एवढं एकच काम मी पक्कं केलं असेल.

माझी बायको सुरेखा ओल्या सिमेंटकडं बघत उभी होती. ती म्हणाली, "अहो, आडनाव नको झालं हुतं तर आधी सांगायचं तरी. म्या हे मंगळसूत्र कुणाच्या नावाचं घालून हिंडायले?"

*

असं सगळं हसत-खेळत चाललं होतं. मग पल्लवीचं स्थळ आलं.

पल्लवी आमची एकुलती एक. फार्मसी शिकली, तुळजापुरात एका मेडिकलवर कामाला जाते. माझे दाजी वाशीचे, मुंबईकडच्या नव्हे, आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीचे; त्यांनी तिकडचंच स्थळ सुचवलं. मुलगा अक्षय, पवनचक्क्यांच्या देखभालीचं काम करतो. घर आमच्याच समाजाचं, माणसं साधी. बघण्याचा कार्यक्रम दाजींच्याच घरी झाला. पोरगी काही बोलली नाही, पण तिच्या फोनचं चार्जिंग दुपारीच संपायला लागलं, तेव्हा सुरेखा म्हणाली, "पोरीला पसंत हाय."

पण आमच्याकडं पोरा-पोरीची पसंती झाली म्हणजे लग्न ठरलं असं नसतं. मधे चौकशी असते. पोराकडचा एक खमक्या माणूस, बहुतेक मामाच, कुणाला न सांगता पोरीच्या गावात येतो. आधी स्टँडवर चहा पितो, मग सलूनमध्ये दाढी करतो, मग गिरणीपाशी उभा राहतो. तिन्ही ठिकाणी विषय सहज काढायचा. माणसं कशी हायेत? काय पितेत-बितेत का? भावकीत भांडणं हायेत का? पोरीच्या बापाला ते कळतं निकाल लागल्यावर. बोर्डाची परीक्षा बरी, तिथं निदान टाइमटेबल तरी आधी मिळतं!

आणि माझी गोची अशी, की आमच्या स्टँडपासून गिरणीपर्यंत जे जे बसलेत, त्या सगळ्यांना मी कधी ना कधी इंग्रजीत नापास केलंय. माझ्या लेकीचं लग्न त्यांच्या जिभेवर! मी सगळ्यांशी गोड बोलायला सुरुवात केली. बापूच्या हॉटेलात चहा घेतला की "थँक्यू बापूराव" म्हणायला लागलो. बापू घाबरून बाहेर आला.

"सर, तब्येत बरी हाय ना तुमची?"

*

अक्षयचे मामा आले, तेव्हा नेमकी शाळेची सहल गेली होती आणि मी गावात नव्हतो. पुढचं सगळं मला नंतर बापूनंच सांगितलं, आणि तेही अभिमानानं.

मामांनी चहा घेतला आणि विचारलं, "हितं ते लोहार सर ऱ्हातेत का?"

"लोहार सर? न्हाय बा. आसं कुणी न्हाय," बापू म्हणाला.

"हायस्कुलात इंग्रजी शिकिवतेत म्हनं."

"इंग्रजीला तर स्मिथ सर हायेत."

"स्मिथ?"

"व्हय. लई वर्सं झाली."

"आन् त्येच्या आधी?"

बापू प्रामाणिक माणूस. त्यानं डोकं खाजवून आठवलं. "आधी कायतरी दुसरं आडनाव हुतं बगा त्येंचं. मग बदललं."

"कशानं बदललं?"

"कशानं म्हंजी? भर वर्गात सोता सांगितलं की त्येंनी. म्या तितंच हुतो, पयल्या बाकावर!"

मामा चहा तसाच टाकून उठले आणि आमच्या गल्लीत आले. गेटच्या खांबावर काळ्या ग्रॅनाइटवर सोनेरी अक्षरांत "स्मिथ सर". आणि वर पोर्चमध्ये चांदणी. दिवाळीचा आकाशकंदील होता तो. मी आळसानं उतरवला नव्हता, आणि महिना डिसेंबरचा! सुरेखानं चांगला बल्ब आहे म्हणून तो चालूही ठेवला होता.

मामांनी बेल वाजवली नाही. उलट्या पावली वाशी गाठली.

*

तिकडून निरोप येईना. दाजी फोन उचलेनात. पल्लवीचा फोन दिवसभर चार्जिंगवर न लावताही भरलेलाच राहायला लागला. पोर जेवताना ताटाकडं बघत बसायची. मी विचारलं तर "काय न्हाय पप्पा" म्हणायची. खोटं कशाला बोलू, माझा जीव अर्धा झाला होता.

शेवटी दाजींचा फोन आला. आवाज चढलेला.

"एवढी मोठी गोष्ट केली, आन् आमाला सांगितलं सुदिक न्हाय?"

"काय केलं मी?"

"क्रिश्चन झालात म्हनं!"

मला हसावं का रडावं कळेना. मी स्मिथपासून सगळं सांगायला लागलो, सफरचंदापासून. दाजींनी मधेच तोडलं. "मामा म्हनतेत, ज्येचा त्येचा देव, आमचं कुणाशी वाकडं न्हाय. पर माणसं लपवालपवी करतेत, आसल्या घरात सोयरीक नको."

फोन स्पीकरवर होता. पल्लवी दारात उभी राहून ऐकत होती. ती चिडली असती, रडली असती, तर बरं वाटलं असतं. ती शांतपणे म्हणाली, "पप्पा, एक आडनाव सांभाळता आलं न्हाय तुमाला?"

वीस वर्षांत एवढा सरळ प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

*

दाजींनी हातापाया पडून वाशीकरांना एकदा घरी यायला तयार केलं. रविवारी सगळेच येणार होते. अक्षय, त्याचे आई-वडील, मामा, आणि त्यांना घेऊन दाजी. दाजी मला म्हणाले, "ह्या खेपेला नीट करा. पुन्हा मला तोंड न्हाय."

मी कामाला लागलो. कंदील उतरवला. पाटी काढायला गेलो तर निघेना. पहार लावली, छिन्नी लावली, खांब हलला पण पाटी हलली नाही. शेवटी तिच्यावर गव्हाचं रिकामं पोतं टाकलं.

देशमुख सरांना लेकीचा विषय सांगितला तेव्हा मात्र ते भाषेचा राग विसरले. शनिवारी परिपाठाला उभे राहिले आणि म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, आजपासून इंग्रजीच्या सरांना लोहार सर म्हणायचं. घरी सांगायचं, गल्लीत सांगायचं. म्हणा, लोहार सर!"

"लोहाऽऽर सर!"

पाचवीतली एक चिमुरडी हात वर करून उभी राहिली. "सर, मग स्मिथ सर कुठं गेले?"

"त्यांची बदली झाली!" देशमुख सर म्हणाले. पोरगी रडायलाच लागली.

*

रविवारी सकाळी नळदुर्गहून आमचे अण्णा आले. अण्णा म्हणजे माझे वडील. हायवेला त्यांची भट्टी होती. ट्रकच्या स्प्रिंगच्या मोडक्या पाट्यांचे कोयते, विळे, कुऱ्हाडी करायचे. आता थकलेत, थोरल्या भावाकडं असतात. नातीच्या कार्यक्रमाला म्हणून कोरं धोतर नेसून, पटका बांधून आले होते.

ही धावपळ कशाची, म्हणून त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं. लोक मला चिडवतात याचं त्यांना काही वाटलं नाही. त्यांचं लक्ष भलतीकडंच गेलं.

"म्हंजी विलायतेत आपल्या लोकांची लई घरं हायेत?"

"आहेत ना अण्णा. जिकडं तिकडं स्मिथच."

"जिकडं तिकडं लोहारच?"

"हो."

अण्णांनी थोडा विचार केला. "मंग गिऱ्हाईक कोन हुतं रं?"

मी एम.ए. आहे. मला सुचलं नाही. मी एवढंच म्हणालो, "अण्णा, पाव्हण्यांपुढं हा विषय काढायचा नाही. एक शब्दही नाही." अण्णांनी मान हलवली. पण सकाळभर ते ताठ बसून मिशीवर हात फिरवत होते.

अकराच्या सुमाराला वाशीची जीप स्टँडवर थांबली. मामा नुसती पाण्याची बाटली घ्यायला उतरले. तेवढ्यात बापू धावत आला.

"लोहार सरांकडं का? या, या! लोहार सरांचं घर ना? सरळ जावा! लई भला माणूस! पयल्यापास्नं लोहार! जल्मापास्नं लोहार!"

सलूनमधून आवाज आला, "लोहार सर ना? मारुतीच्या म्होरं!" गिरणीवाला पिठानं भरलेले हात हलवत ओरडला, "लोहार सर! लोहार सर!" गल्लीच्या तोंडाला शाळेची पोरं रांगेत उभी होती. जीप दिसल्याबरोबर परिपाठाच्या चालीत सुरू झाली, "लोहाऽऽर सर! लोहाऽऽर सर!"

मामा जीपमध्ये अक्षयच्या वडिलांना म्हणाले (हे मला नंतर अक्षयनं सांगितलं), "बघितलं का भावजी? गेल्या खेपेला एकाला म्हाईत नव्हतं. आता न इचारता सांगायलेत. अख्खं गाव पढवून ठिवलंय!"

गेटपाशी आले तेव्हा मी हात जोडून उभा होतो. मामांनी माझ्याकडं बघितलंही नाही. सरळ खांबाकडं गेले, पोत्याचं टोक धरून वर केलं, खालची अक्षरं वाचली, पोतं परत नीट सोडलं आणि चपला काढून आत गेले. मी जोडलेले हात तसेच ठेवून त्यांच्यामागं गेलो.

सगळे बैठकीत बसले. पोह्यांच्या प्लेटी आल्या, कुणी हात लावेना. पल्लवी चहाचा ट्रे घेऊन आतल्या दारात उभी, तिला पुढं यावं का नाही कळेना. अक्षय हळूच म्हणाला, "मामा, बास की आता." मामांनी त्याला हातानंच गप्प केलं. मग माझ्याकडं पाठ करून ते अण्णांकडं वळले.

"आण्णा, तुमी वडीलधारे. देवीची आण हाय. गावाचं मला काय सांगू नगा, लेकाचं सांगू नगा. तुमी कोन?"

अण्णांनी पटका सारखा केला. छाती पुढं काढली.

"आमी? आमी स्मिथ!"

सुरेखाच्या हातातला चमचा पडला. मी डोळे मिटून घेतले. पोरीचं लग्न माझ्या डोळ्यांदेखत मोडत होतं, आणि मोडत होते माझेच वडील!

"स्मिथ म्हंजी लोहार," अण्णांचा आवाज आला. भट्टीवर घण घालताना निघायचा तसाच खणखणीत. "विलायतेत आपल्याला स्मिथ म्हनतेत. तुमीबी स्मिथच की पाव्हणं! तुमाला कुणी सांगितलं न्हाय का? तिकडं आपल्या लोकांची लई घरं हायेत. जिकडं बघावं तिकडं आपलेच!"

"आमीबी?" मामा म्हणाले.

"तर! ह्यो अक्षयबी स्मिथच."

मी एक डोळा उघडला. मामा अक्षयकडं बघत होते. मग पल्लवीकडं बघितलं, मग माझ्याकडं. मग त्यांनी पोह्यांची प्लेट उचलली, एक घास खाल्ला, आणि बराच वेळ चावत राहिले.

"लई घरं?" त्यांनी विचारलं.

"लई," अण्णा म्हणाले.

"अक्षयचं ठरलं समजा," मामा म्हणाले. अक्षयच्या आईनं पदरानं डोळे पुसले. पल्लवीनं ट्रे तिथंच खाली ठेवला आणि आत पळाली. मी सोफ्यावर बसायला गेलो तो दाजींच्या मांडीवर बसलो.

मामांचं कुणाकडं लक्ष नव्हतं. त्यांनी खुर्ची ओढून अण्णांच्या अगदी जवळ घेतली आणि आवाज खाली आणला.

"आण्णा, माझा धाकटा ऱ्हायलाय. दोन वर्सं झाली हिंडायलोय, इकडं पोरीच मिळंनात. तुमच्या त्या तिकडच्या घरांत बघा की एखादी. आपलीच माणसं हायेत म्हनल्यावर."

अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. घाई केली नाही.

"बघू की," ते म्हणाले. "पर आधी वाशीला येऊन चौकशी करावी लागंल!"